लिक्टेनश्टाईनच्या झेंड्यावरचा मुकुट: उभ्या बॅनरवर कसा लावायचा? आणि त्या रंगांचा अर्थ काय?

मुक्ता_वारजे

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे कोणाला तरी माहीत असणारच म्हणून विचारतेय. लेकीच्या शाळेत मॉडेल यूएन (मुलं एकेका देशाचे प्रतिनिधी बनून संयुक्त राष्ट्रांची सभा भरवतात तो कार्यक्रम) आहे, आठवीच्या सगळ्या मुलांना एकेक देश वाटून दिलाय, तिच्या मैत्रिणीला फ्रान्स, खालच्या मजल्यावरच्या मुलाला ब्राझील आणि आमच्या वाट्याला लिक्टेनश्टाईन. अ‍ॅटलास काढला तर स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधल्या फटीत कुठेतरी सापडला, आत नाव लिहायला जागा नाही म्हणून बाहेर लिहून रेघ ओढलीये.

तर प्रत्येक टेबलामागे त्या त्या देशाचा झेंडा उभा टांगायचाय. अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रिंटिंगवाल्याकडे काम दिलं, त्याने नेटवरची फाईल घेतली आणि सरळ फिरवून टाकली, आता त्यावरचा मुकुट कुशीवर झोपलाय. मी म्हटलं अहो असं कसं, तर म्हणे, "मॅडम, देशाचा झेंडा आहे, आपण आपल्या मनाने मुकुट फिरवला आणि उद्या कोणी बोललं म्हणजे?" त्याचंही बरोबरच आहे म्हणा. अजून फायनल प्रिंट मारलेली नाहीये.

दुसरं म्हणजे आमच्या सोसायटीत एक काका आहेत, क्विझवाले, त्यांचं म्हणणं की हा झेंडा मुळात हैतीसारखाच होता, गोंधळ झाला म्हणून यांनी नंतर वर मुकुट चिकटवला. हैती कुठे, हे कुठे! खरंय का हे?

आणि तिसरं, टीचरना अर्धं पान 'सिम्बॉलिझम' हवंय. नेटवर सगळीकडे तेच, निळा म्हणजे आकाश, लाल म्हणजे संध्याकाळी घराघरात पेटलेला विस्तव, सोनेरी मुकुट म्हणजे जनता, देश आणि राजघराणं यांची एकी. लेक म्हणते, आई आकाश काय सगळ्यांकडेच निळं असतं. मला उत्तर देता आलं नाही. कोणी सांगेल का नीट?

---

पौडफाटा

मुकुट उभाच पाहिजे. प्रिंटिंगवाल्याला बिनधास्त सांगा, यात मनाचं काही नाहीये, तिकडची रीतच तशी आहे की झेंडा उभा टांगला की मुकुट ९० अंशात फिरवून सरळ करायचा. आल्प्सच्या त्या सगळ्या जर्मन बोलणाऱ्या पट्ट्यात घरांवर, रस्त्यांवर लांबलचक उभे झेंडे लावायची पद्धत आहे त्यामुळे हा काही दुर्मिळ प्रकार नाही, उलट त्यांच्याकडे उभे झेंडे सर्रास दिसतात.

आता नीट वाचा. समोरून बघताना निळा पट्टा तुमच्या डाव्या हाताला, लाल उजव्या हाताला, मुकुट निळ्यात, वरच्या टोकाकडे, आणि त्याचा क्रॉस आकाशाकडे. गंमत अशी की नुसती फाईल फिरवून हे जमणारच नाही, घड्याळाच्या दिशेने फिरवली तर निळा उजवीकडे जातो आणि उलट फिरवली तर मुकुट तळाला जातो. म्हणजे मुकुट वेगळा उचलून ठेवावा लागतो. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधे दोन मिनिटांचं काम आहे, त्याला म्हणावं आळस करू नकोस.

आपल्या तिरंग्यालाही उभा लावताना नियम आहेच, भिंतीवर उभा लावला तर केशरी बघणाऱ्याच्या डावीकडे, फक्त आपलं चक्र कुठूनही बघा गोलच, त्यामुळे आपल्याला ही डोकेदुखी नाही.

---

जुनी_नाणी

काकांचं बरोबर आहे, पण 'चिकटवला' हा शब्द जरा अन्याय करतो. सविस्तर लिहितो, वेळ आहे आज.

आधी देश कसा झाला ते बघा म्हणजे रंग कळतील. लिक्टेनश्टाईन हे आधी घराण्याचं नाव, देशाचं नंतर. या घराण्याचा मूळ किल्ला व्हिएन्नाजवळ, आणि मोठ्या जमिनी मोराविया वगैरे भागात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात. पैसा होता, दरबारात वजन होतं, पण मध्य युरोपातल्या तेव्हाच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत बसायला अशी जमीन लागायची जी थेट सम्राटाच्या हाताखाली असेल, मधे दुसरा कोणी सरदार नको. यांच्या सगळ्या जमिनी नेमक्या दुसऱ्यांच्या अमलाखाली. म्हणून १६९९ मधे शेलेनबर्ग आणि १७१२ मधे फाडुट्स (आजची राजधानी) असे दोन डोंगराकडचे तुकडे विकत घेतले आणि १७१९ मधे सम्राट सहाव्या चार्ल्सने ते दोन्ही जोडून त्याला घराण्याचं नाव दिलं. थोडक्यात सभेतल्या खुर्चीसाठी घेतलेली जमीन. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं एकही सत्तेवरचा प्रिन्स (इथे प्रिन्स म्हणजे राजपुत्र नाही, देशाचा राज्यकर्ता) तिकडे फिरकलासुद्धा नाही, सगळे व्हिएन्नात.

आता रंग. घराण्याची ढाल सोनेरी-लाल आहे, निळा त्यात नाहीच. निळा-लाल आला तो अठराव्या शतकात त्यांच्या दरबारी नोकरचाकरांच्या गणवेशातून. उद्या एखाद्या संस्थानिकाच्या चोपदारांच्या अंगरख्याचे रंग संस्थानच्या निशाणावर चढावेत, तसं. पुढे ते रंग तिथेच रुळले आणि १९२१ च्या राज्यघटनेत निळा-लाल हे देशाचे रंग म्हणून रीतसर लिहिले गेले. तेव्हा झेंडा म्हणजे नुसते दोन आडवे पट्टे, वर निळा, खाली लाल. बास.

१९३६ मधे बर्लिन ऑलिंपिक. लिक्टेनश्टाईन ऑलिंपिकमधे त्याच वर्षी पहिल्यांदा उतरलं, आधी गार्मिशच्या हिवाळी स्पर्धेत आणि मग ऑगस्टमधे बर्लिनला. तिथे लक्षात आलं की हैतीचा साधा झेंडा, म्हणजे मधलं राजचिन्ह नसलेला, डिट्टो असाच आहे. वर निळा, खाली लाल. मग २४ जून १९३७ ला यांनी निळ्या पट्ट्यात दांड्याच्या बाजूला सोनेरी मुकुट घातला. व्हॉट्सअ‍ॅपवर यावर बरीच फोडणी देऊन फिरतं, की संचलनात दोन्ही संघ समोरासमोर आले आणि स्टेडियम हसलं वगैरे, ते सोडून द्या. ऑगस्ट ३६ ची स्पर्धा आणि जून ३७ चा बदल एवढंच प्रोजेक्टमधे लिहा.

मुकुटही कुठलाही नाहीये. राजाचा नाही, प्रिन्सचा आहे, आणि तसा एक खरोखर होता, १६२३ मधे पहिल्या कार्लसाठी बनवलेला, जो अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी गायब झाला. झेंड्यावर आज दिसतो त्या रूपात तो १९८२ च्या कायद्याने पक्का झाला.

---

मुक्ता_वारजे

बाप रे, इतकं! धन्यवाद दोघांनाही. पौडफाटा, फाईल फिरवून का जमत नाही ते मी स्वतः कागद फिरवून बघितलं, खरंच नाही जमत. प्रिंटिंगवाल्याला तुमचा प्रतिसादच दाखवते.

पण जुनी_नाणी, मग निळं आकाश आणि चुलीतला विस्तव हे सगळं नंतर जोडलेलं का? आणि नोकरांच्या कपड्यांचे रंग असं लिहिलं तर टीचर काय म्हणतील देव जाणे.

---

हिरवा_चाफा

मी तर म्हणेन तेच लिहा, मार्क मिळतील. बहुतेक झेंड्यांचं असंच असतं, रंग आधी येतात कुठल्यातरी घराण्यातून, सैन्यातून, नाहीतर बाजारात जे कापड मिळतं त्यातून, आणि अर्थ नंतर शाळेच्या पुस्तकात बसवतात. लाल दिसला की रक्त, हिरवा दिसला की शेती, पांढरा म्हणजे शांती, निळा असेल तर समुद्र आणि समुद्र नसेल तर आकाश. लिक्टेनश्टाईनला तर समुद्र नाहीच, आणि शेजारच्या दोन्ही देशांनाही नाही, त्यामुळे आकाशाशिवाय पर्यायच नव्हता :)

---

जुनी_नाणी

हिरवा_चाफा, हसलो. पण अर्थ नंतरचा म्हणून खोटा, असं मी नाही म्हणणार. तिथल्या माणसाला शाळेपासून विस्तव सांगितलाय आणि त्याला झेंड्यात विस्तव दिसतो तर तो आहे. फक्त रंग का निवडले याचं कारण म्हणून विस्तव लिहू नये. मुक्ताताई, दोन परिच्छेद करा, रंग कुठून आले आणि आज लोक त्यांचा काय अर्थ घेतात. दोन्ही खरं राहील.

---

सायली_बि

धागा बघून राहवलं नाही, कारण सगळे लिक्टेनश्टाईनबद्दल बोलतायत आणि हैतीला नुसतं 'ज्याच्यामुळे गोंधळ झाला तो' करून ठेवलंय. खरी गोष्ट तर तिकडची आहे.

हैती ही फ्रान्सची वसाहत, तेव्हाचं नाव सां-दोमँग, ऊस आणि कॉफीचे मळे, आणि मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले लाखो गुलाम. १७९१ मधे गुलामांनी उठाव केला, तो वर्षानुवर्षं चालला, नेपोलियनने सैन्य पाठवलं तरी दबला नाही. मे १८०३ मधे आर्काये गावी बंडखोर सेनानींची बैठक झाली, तिथे त्यांचा म्होरक्या देसालीन याने फ्रेंच तिरंगी झेंडा घेतला आणि मधला पांढरा पट्टा फाडून काढला, गोऱ्यांना बाहेर काढलं असा त्याचा अर्थ लावतात, आणि उरलेले निळा आणि लाल कॅथरीन फ्लों नावाच्या मुलीने एकत्र शिवले. हे सगळं अगदी असंच घडलं का यावर इतिहासकार वाद घालतील, पण हैतीत १८ मे हा आजही झेंड्याचा दिवस आहे, सुट्टी असते, आणि शिवणारी म्हणून कॅथरीन फ्लों तिथल्या पोरापोराला माहीत आहे. १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला, गुलामांच्या उठावातून उभा राहिलेला.

म्हणजे बघा, एकीकडे राजवाड्यातल्या नोकरांच्या कपड्यांचे रंग आणि दुसरीकडे मालकाचा झेंडा फाडून शिवलेले रंग, आणि बर्लिनमधे, तेही हिटलरच्या बर्लिनमधे, दोन्ही एकसारखे निघाले. मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता. आणि मुकुट कोणी घातला, तर प्रिन्सवाल्यांनी, हैतीने काहीच बदललं नाही, का बदलावं, त्यांचा तो शंभर सव्वाशे वर्षं जुना होता.

---

पौडफाटा

सायली +१. एक बारीक भर. आर्कायेच्या गोष्टीत पट्टे उभे असणार कारण फ्रेंच झेंड्याचे उभेच असतात. आडवे केले ते पेत्यों या देसालीननंतरच्या हैतीच्या नेत्याने, १८०६ मधे. तेवढं केलं नसतं तर १९३६ चा गोंधळच झाला नसता.

---

मुक्ता_वारजे

आता लेकीने हैतीवर प्रोजेक्ट बदलून मागायचं ठरवलंय! सायली, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला, दोनदा वाचायला लावला. मी म्हटलं आहे त्यात समाधान मान, झेंडा छापून होतोय. तिचा पुढचा प्रश्न, मुकुट नुसता वेगळेपणासाठी होता तर दुसरं काहीही टाकता आलं असतं की, डोंगर, चांदणी, मुकुटच का? कोणाला सुचतंय काही?

---

डेक्कन_क्वीन_८

मुकुट का याचं सोपं उत्तर, देश प्रिन्सच्या नावाचा आणि राज्यपद्धती प्रिन्सची, दुसरं काय टाकणार. पण मला वाटतं त्या मुकुटाला खरं वजन आलं ते घातल्यानंतरच्या दोन वर्षांत. तारखा लावून बघा. जून १९३७ ला मुकुट. मार्च १९३८ मधे जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला, म्हणजे लिक्टेनश्टाईनची अख्खी पूर्वेकडची सीमा रातोरात हिटलरच्या जर्मनीला लागली. घराणं व्हिएन्नात राहायचं आणि व्हिएन्ना आता हिटलरची. त्याच वर्षी दुसरा फ्रान्झ योसेफ गादीवर आला आणि तो फाडुट्सच्या वाड्यात कायमचा राहायला गेला, तिथे जाऊन राहणारा पहिलाच प्रिन्स. इतकी वर्षं झेंड्यावर ज्यांचे रंग होते ते एकदाचे गावात आले म्हणायचं.

देशाच्या आतसुद्धा नाझींचे चाहते होते. २४ मार्च १९३९ ला त्यांनी उठावाचा प्रयत्न केला, नेंडेल्न गावात स्वस्तिकं पेटवली, गडबड झाली की जर्मन सैन्य मदतीला येईल असा हिशोब. तो फसला, फार काही न होता विरून गेला. ज्याला सैन्यच नाही, १८६८ ला मोडीत काढलेलं, त्या देशाकडे 'आम्ही वेगळे आहोत' हे दाखवायला काय होतं, स्विस फ्रँक होता, तोही शेजाऱ्याचा, भाषा जर्मनच. उरतो प्रिन्स आणि त्याचा मुकुट. अशा वेळी दोन पट्ट्यांवर मुकुट असणं ही नुसती ऑलिंपिकची सोय राहत नाही. एकी वगैरे जे पुस्तकात लिहितात ना, त्यातली ही बाजू मला पटते, आकाश आणि विस्तवापेक्षा कितीतरी जास्त. लेकीला सांगा हे लिही.

हे माझं मत आहे हां, ३७ मधे मुकुट घातला तेव्हा कोणाच्या डोक्यात नाझी होते असं मी म्हणत नाहीये.

---

हिरवा_चाफा

डेक्कन क्वीन, भारी प्रतिसाद. पण मला एक कळत नाही, इतक्या छोट्या देशाला, पुणे मनपाच्या हद्दीत तीनदा बसेल एवढा, लोक चाळीस हजाराच्या आसपास, एका प्रभागाचे मतदार याहून जास्त असतील, त्याला राष्ट्रगीतसुद्धा स्वतःच्या चालीचं का नाही? त्यांच्या गीताची चाल इंग्लंडच्या 'गॉड सेव्ह द किंग'चीच आहे. २००३ मधे इंग्लंड विरुद्ध लिक्टेनश्टाईन फुटबॉल मॅच होत्या तेव्हा दोन्ही राष्ट्रगीतं एकाच चालीची. झेंडा हैतीसारखा, गीत इंग्लंडसारखं, पैसा स्वित्झर्लंडचा, नाव घराण्याचं. आणि तरी माणशी उत्पन्न बघा, आपण बसलोय झेंडे छापत.

---

जुनी_नाणी

हिरवा_चाफा, ती चाल एकेकाळी युरोपातल्या बऱ्याच राजवटींनी वापरली होती, स्वित्झर्लंडच्या जुन्या गीताचीही तीच होती. बाकीच्यांनी बदलली, यांनी ठेवली. झेंडा बदलायची गरज वाटली, गीत बदलायची वाटली नाही, असतं एकेकाचं.

अवांतर: त्यांचा राष्ट्रीय दिवस १५ ऑगस्टला असतो! १९४० पासून. मेरीच्या सणाची सुट्टी होतीच, प्रिन्स फ्रान्झ योसेफचा वाढदिवस १६ ला, दोन्ही मिळून १५ तारीख धरली. म्हणजे आपण इकडे तिरंगा लावतो त्याच दिवशी फाडुट्समधे ते उभे निळे-लाल झेंडे लागलेले असतात. हे प्रोजेक्टमधे टाकाच, मुलांना लक्षात राहील.

अजून अवांतर: १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमधे हॅनी व्हेंझेलने स्कीइंगमधे दोन सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा तो मुकुटवाला झेंडा सगळ्यात वर चढला होता. एवढ्याशा देशासाठी!

---

कसबा_नॉर्मल

मी उशिरा आलो. असे जुळे झेंडे अजून आहेत, मोनॅको आणि इंडोनेशिया, दोन्ही वर लाल खाली पांढरा, आणि रोमानिया आणि चाड, तिथे तर रोमानियाने १९८९ च्या क्रांतीत मधलं कम्युनिस्ट चिन्ह कापून काढलं आणि उरलेला झेंडा चाडसारखा निघाला. त्यापैकी कोणीच बदलला नाही, लिक्टेनश्टाईनने एका वर्षात बदलला. गुणी देश आहे.

सायली यांना प्रश्न, तुम्ही म्हणता हैतीने काहीच बदललं नाही, पण मी लहानपणी जुन्या तिकिटांच्या अल्बममधे हैतीचा काळा-लाल झेंडा बघितल्याचं आठवतंय. ते काय होतं?

---

सायली_बि

कसबा_नॉर्मल, बरोबर आठवतंय तुम्हाला. मी म्हटलं ते लिक्टेनश्टाईनमुळे बदलला नाही या अर्थाने. काळा-लालसुद्धा देसालीनचाच, त्याने १८०५ मधे निळ्याच्या जागी काळा आणला होता, त्याचा खून झाल्यावर देश दोन तुकड्यांत वाटला गेला, दक्षिणेत पेत्योंने निळा-लाल घेतला आणि उत्तरेत क्रिस्तोफने काळा-लाल चालू ठेवला. १८२० मधे देश परत एक झाला तेव्हा सगळीकडे निळा-लाल आला.

मग १९६४ मधे हुकूमशहा दुवालिए, ते पापा डॉक म्हणतात तो, याने परत काळा-लाल आणला. १९८६ मधे त्याचा मुलगा देश सोडून पळाला आणि लोकांनी लगेच निळा-लाल परत आणला. म्हणजे मधली बावीस वर्षं लिक्टेनश्टाईनने मुकुट काढून ठेवला असता तरी कोणाचा गोंधळ झाला नसता. आता तर ऑलिंपिकमधे हैतीचा संघ मधे पांढरा चौकोन आणि राजचिन्ह असलेलाच झेंडा घेऊन येतो, ताडाचं झाड, तोफा आणि खाली 'एकीतच बळ' असं ब्रीद.